कोड न येणाऱ्यांसाठी आय.टी.चे दार

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या दिवाळीच्या आधी चाळीतला कांदा विकून वडील घरी आले आणि हातपाय धुऊन ओट्यावर बसता बसता त्यांनी मला विचारले, "बी.ए. शिकणाऱ्या पोरांना त्या खराडीच्या कंपन्यांत घेत्यात का गं?" प्रश्न साधा होता, परंतु मला उत्तर देता आले नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. कॉलेजात काय शिकवतात हेच घरी नीट सांगता येत नाही, तेथे कंपनीत काय करतात हे कोठून सांगणार? वडिलांच्या खिशात एक हिरवे पत्रक होते. पुण्यातील एका क्लासचे. तीन महिन्यांत आय.टी.मध्ये नोकरी, शंभर टक्के हमी, शुल्क फक्त ६० हजार रुपये. कांद्याचे पैसे बरोबर तेवढ्यालाच पुरणार होते. "आठ दिवस थांबा, मी चौकशी करते," असे मी म्हणाले. त्या आठ दिवसांचे पुढे चार महिने झाले. त्या चौकशीत जे हाती लागले ते येथे मांडत आहे; कारण माझ्या वर्गातील निम्म्या मैत्रिणींच्या घरी असेच एखादे पत्रक येऊन पडले आहे, हे मला ठाऊक आहे.

प्रथम आपण कोठे राहतो ते पाहावे. माझे गाव शिरूर तालुक्याच्या टोकाला, भीमेच्या अलीकडे. पारगावचा पूल ओलांडला की दौंड तालुका लागतो. शिरूरहून एस.टी.त बसले तर रांजणगाव, शिक्रापूर, वाघोली करीत गाडी खराडीवरूनच पुण्यात शिरते. दौंड किंवा केडगावहून रेल्वेने निघाले तर हडपसर स्टेशन लागते, आणि मगरपट्टा तेथून जवळ आहे. म्हणजे पुण्यातील आय.टी.ची पूर्वेकडील दोन्ही मोठी ठिकाणे आपल्याच वाटेवर आहेत. हिंजवडी मात्र शहराच्या दुसऱ्या अंगाला, आपल्याला लांब. इतक्या जवळ राहूनही आपल्याला त्या काचेच्या इमारतींची माहिती नाही. आपल्या भागातील माणसे तेथे जातात ती पुष्कळदा सुरक्षारक्षक म्हणून, नाहीतर कामगारांच्या गाड्या चालवायला.

पुण्यात हा उद्योग काही एका रात्रीत आलेला नाही. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे संशोधन केंद्र पुण्यात १९८१ साली सुरू झाले. १९८८ साली केंद्र सरकारने सी-डॅक ही संस्था येथे स्थापन केली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. पर्सिस्टंट सिस्टिम्स ही कंपनी १९९० मधली. पुढे हिंजवडी, मगरपट्टा, खराडी येथे कचेऱ्यांची नगरेच उभी राहिली. हा इतिहास सामान्यज्ञानाच्या पुस्तकात मिळतो, म्हणून येथे लांबवीत नाही.

आता मुख्य प्रश्न. आय.टी. म्हणजे कोड लिहिणे, अशी आपली समजूत आहे. कोड म्हणजे संगणकाला त्याच्या भाषेत दिलेल्या सूचना. जावा, पायथन ही त्या भाषांची नावे. ज्याला हे लिहिता येत नाही त्याला तेथे काम नाही, असे आपण धरून चालतो. परंतु दौंड स्टेशनावर अर्धा तास उभे राहून पाहा. गाडी चालवणारा लोकोपायलट सर्वांत महत्त्वाचा, हे खरेच. पण सांधे बदलणारा आहे, सिग्नलकडे पाहणारा आहे, गाडीच्या मागच्या टोकाला गार्ड आहे, तिकीट देणारा आहे, चाके ठोकून तपासणारा आहे, आणि गाडी उशिरा का आहे हे लोकांना सांगणाराही आहे. इंजिन चालवता येत नाही म्हणून यांपैकी कोणाला रेल्वेने नको म्हटलेले नाही. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. एक प्रणाली तयार होते तेव्हा ती कशी असावी हे ग्राहकाकडून समजून घेणारा लागतो, ती तपासणारा लागतो, ती कशी वापरावी हे लिहिणारा लागतो, ती निरनिराळ्या भाषांत नेणारा लागतो, आणि ती चालू झाल्यावर अडलेल्या माणसाचा फोन घेणारा लागतो. यांपैकी बहुतेक कामांची सुरुवात कोडशिवाय करता येते. 'सुरुवात' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, त्याविषयी पुढे लिहीन.

यांतले तपासणीचे काम, ज्याला टेस्टिंग म्हणतात, ते मला सर्वांत आवडले. म्हणून त्यावर थोडे अधिक लिहिते.

समजा, एका योजनेच्या अर्जात वयाचा रकाना आहे आणि अट १८ ते ६० वर्षे अशी आहे. आपण काय करू? २५ टाकून पाहू, अर्ज पुढे गेला की ठीक आहे म्हणू. टेस्टर असे करीत नाही. तो १७ टाकतो, १८ टाकतो, ६० टाकतो, ६१ टाकतो. कारण चूक ही नेहमी कडेला असते, मधोमध नसते. कोड लिहिणाऱ्याने '१८ पेक्षा जास्त' असे लिहिले असेल तर बरोबर १८ वर्षांची मुलगी बाहेर राहील. मग टेस्टर वयाच्या जागी अक्षर टाकून पाहतो, रकाना रिकामा सोडतो, जन्मतारीख २९ फेब्रुवारी देतो. हे सगळे तो लिहून ठेवतो: कोणत्या क्रमाने काय केले, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले. या तीन गोष्टी स्पष्ट नसतील तर त्या नोंदीचा काही उपयोग होत नाही, कारण तिकडच्या माणसाला ती चूक पुन्हा घडवून पाहता आली पाहिजे. या चुकीला 'बग' म्हणजे किडा म्हणतात. हा शब्द यंत्रांच्या बाबतीत जुनाच आहे, परंतु ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या संगणकात खरोखरीचा एक पतंग अडकलेला सापडला आणि तेथील मंडळींनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून ठेवला. ती वही आजही जपून ठेवली आहे.

गेल्या वर्षी या वार्षिक अंकाची मुद्रिते तपासायला सरांनी आम्हा चौघींना बसवले होते. ऱ्हस्व-दीर्घ, सुटलेली ओळ, दोनदा आलेला परिच्छेद, फोटोखाली भलतेच नाव. तेव्हा कंटाळा आला होता. आता कळते की आम्ही टेस्टिंगच करीत होतो. फरक एवढाच की मुद्रितशोधक चूक स्वतः दुरुस्त करतो, टेस्टर ती दाखवून देतो.

येथे मराठी विषय घेतलेल्यांनी कान टवकारावेत. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द घ्या. पहिला गुरूंसाठी, दुसरा स्वयंपाक्यांसाठी. संगणकाच्या दृष्टीने या दोहोंत 'र' वेगवेगळा आहे. ज्या प्रणालीत हा भेद पाळलेला नाही तेथे गुरुजनांचा सत्कार आचाऱ्यांना जाईल. ही चूक मराठी न येणाऱ्या मोठ्या अभियंत्याला दिसणारच नाही. दुसरे उदाहरण नावांच्या यादीचे. आपल्या वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी येतात. संगणकात मात्र क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष अशी जोडणी असते. यादी नुसत्या अंतर्गत क्रमांकांप्रमाणे लावली तर क्षीरसागर 'क'मध्ये जाऊन बसतो आणि शेवटच्या पानावर त्याला त्याचे नाव सापडत नाही. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, हे तर आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या फाँटमध्ये मराठी अक्षर हे केवळ चित्र असते, आत साठवलेला क्रमांक इंग्रजी अक्षराचाच असतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तो मजकूर कोठेही वाचता येतो. अशा जुन्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर केल्यावर तो बरोबर आला की नाही हे वाचूनच पाहावे लागते.

अशा गोष्टी किरकोळ वाटत असतील तर २०१८ सालची एक हकीकत सांगते. त्या वर्षी फेब्रुवारीत असे लक्षात आले की तेलुगू लिपीतील एक जोडाक्षर, आपल्या 'ज्ञा'चेच भावंड, संदेशातून आले की आयफोनमधील ते ॲप कोसळते. ॲपलसारख्या कंपनीला घाईने दुरुस्ती पाठवावी लागली. जगातील नावाजलेले अभियंते तेथे आहेत, पण ते जोडाक्षर टाकून पाहण्याचे कोणाच्या लक्षात आले नव्हते. आपल्या बालभारतीच्या पहिल्या पुस्तकात 'ज्ञ' आहे. असो.

प्रणाली दुसऱ्या भाषेत नेण्याच्या कामाला स्थानिकीकरण म्हणतात. यात केवळ भाषांतर येत नाही. बटणावर जागा चार अक्षरांची असते, तेथे 'पुष्टी करा' लिहावे की 'होय' हे ठरवावे लागते. पुण्यात सी-डॅकमध्ये भारतीय लिप्यांवर अनेक वर्षे काम झाले आहे. भाषेची जाण असलेल्या माणसाला येथे जागा आहे, मात्र ती थोडी आहे आणि पुष्कळदा कंत्राटी कामाची आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसरे मोठे क्षेत्र म्हणजे सपोर्ट, अर्थात अडलेल्याला मदत. याला सर्व्हिस डेस्क असेही नाव आहे. कंपनीतील कोणाचा पासवर्ड चालत नाही, कोणाची छपाई होत नाही, कोणाला रजेचा अर्ज सापडत नाही. तो माणूस तक्रार नोंदवतो, तिला 'तिकीट' म्हणतात. तिकिटाला क्रमांक असतो, निकडीप्रमाणे दर्जा असतो आणि ते किती वेळात सुटले पाहिजे हे कराराने ठरलेले असते. पहिल्या पातळीवरचा माणूस नेहमीच्या अडचणी सोडवतो. त्याला जमले नाही तर दुसऱ्या पातळीवर, तेथून तिसऱ्या पातळीवर. कोड उघडून पाहण्याची वेळ बहुधा तिसऱ्या पातळीवर येते. पहिल्या पातळीवर लागतो तो संयम, आणि समोरच्याचे नेमके काय अडले आहे हे दोन प्रश्नांत काढून घेण्याची हातोटी.

ही हातोटी आपल्यात आहे असे मी म्हणाले तर हसू नका. शासनाने १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू केली, तेव्हापासून आमच्या वस्तीवरील सात-आठ घरांची पीक नोंद मीच करते. शेजारचे काका बांधावरून फोन करतात, "फोटो निघंना गं." मी विचारते, लोकेशन चालू आहे का? तुम्ही गटात उभे आहात की घरी? काका घरी बसून कांद्याचा फोटो काढू पाहत असतात. फोटो शेतात उभे राहूनच काढायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. दुसऱ्या दिवशी मी कागदावर पाच ओळींत कृती लिहून दिली आणि तो कागद वस्तीवर फिरला. पुढे मला कळले की या कागदालाच आय.टी.त युजर गाइड म्हणतात, आणि असे कागद लिहिणे हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे. त्याला टेक्निकल रायटिंग म्हणतात. फक्त तेथे ते इंग्रजीत लिहावे लागते.

तिसरे काम जरा वरच्या दर्जाचे. ग्राहकाला काय हवे ते समजून घेऊन ते कोड लिहिणाऱ्यांना समजेल असे मांडणारा, त्याला बिझनेस ॲनालिस्ट म्हणतात. रेल्वेचे आरक्षण १९८० च्या दशकाच्या मध्यास दिल्लीपासून संगणकावर येऊ लागले. कोटा, प्रतीक्षायादी, प्रवास मध्येच थांबवण्याचे नियम, हे सर्व संगणकाला आपोआप कळणे शक्य नव्हते. ते नियम ज्यांना तोंडपाठ होते त्यांचे ज्ञान त्या प्रणालीत उतरले. आपल्या घरातील उदाहरण जमिनीचे. वडील बोलतात एकर-गुंठ्यांत, सातबाऱ्यावर असते हेक्टर-आर. ४० गुंठ्यांचा एकर, १०० आरांचा हेक्टर. गुंठा आणि आर जवळजवळ सारखे असले तरी एकर आणि हेक्टर यांत अडीच पटींचा फरक आहे. हे ज्याला माहीत नाही त्याने शेतीचा अर्ज तयार केला तर काय होईल याची कल्पना करा. अमेरिकेच्या नासा संस्थेचे मंगळाकडे गेलेले एक यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी याच कारणाने नष्ट झाले. एका गटाचे सॉफ्टवेअर पौंडांच्या हिशोबात आकडे देत होते, दुसऱ्या गटाने ते मेट्रिक समजून घेतले. आमच्या गावचा तलाठी मध्ये बसवला असता तर यान वाचले असते, असे मी वर्गात म्हणाले तेव्हा सर पुष्कळ हसले.

मात्र या पदावर बी.ए. झाल्या झाल्या कोणी बसवत नाही. आधी एखाद्या क्षेत्राचा अनुभव लागतो. रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत भांडार किंवा खरेदी विभागात काम केलेला माणूस सॅपसारखी प्रणाली रोज वापरतो. पुढे त्याच अनुभवावर तीच प्रणाली बसवणाऱ्या कंपनीत जाण्याची वाट असते. ती लांबची आहे, पण आपल्या भागातील मुलांना ती जवळची का वाटू नये?

भूगोलवाल्यांसाठी दोन शब्द. नकाशांचे काम आता संगणकावर चालते. गावठाणांची ड्रोनने मोजणी करणारी स्वामित्व योजना देशात २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. उपग्रहाच्या किंवा ड्रोनच्या चित्रावरून रस्ते, घरे, बांध रेखाटून त्यांना माहिती जोडणे, हे जी.आय.एस.चे काम. क्यू.जी.आय.एस. हे त्याचे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि कोड न लिहिताही चालवता येते. याविषयी भूगोलाच्या एखाद्या विद्यार्थ्याने पुढील अंकात सविस्तर लिहावे.

आता कटू भाग. चौकशी करता करता मी आणि माझी मैत्रीण एका शनिवारी खराडीला जाऊन आलो. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे खर्चाची फार चिंता नव्हती. आत कोणी सोडणार नाही हे ठाऊक होते. बाहेरच्या चहाच्या टपरीवर गळ्यात ओळखपत्र घातलेल्या एका ताई भेटल्या. त्या मूळच्या श्रीगोंद्याकडच्या निघाल्या, म्हणून बोलल्या. मी विचारले, "ताई, कोड येत नसेल तर घेतात का हो?" त्या म्हणाल्या, "अगं, मला अजून धड येत नाही. सपोर्टला लागले, आता टेस्टिंग करते. पण इंग्रजी येतं का तुला? दिवसाला वीस मेल लिहावे लागतात." मी गप्प बसले. परतीच्या वाटेवर वाघोलीपर्यंत आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही.

होय, आपली खरी अडचण कोड नाही, इंग्रजी आहे. वाचता येते, परीक्षेपुरते लिहिता येते, पण चार वाक्यांत आपले म्हणणे मांडून पाठवता येत नाही. यावर क्लासपेक्षा रोज एक पत्र लिहिण्याचा उपाय मला लागू पडत आहे. आमच्या इंग्रजीच्या मॅडम ती तपासून देतात. पहिल्या पत्रात एकवीस चुका होत्या, परवाच्या पत्रात सहा.

इंग्रजीच्या खालोखाल लागते ते एक्सेल. एम.एस.सी.आय.टी. आपण बहुतेकांनी केलेली असते. २००१ पासून चालत आलेला हा अभ्यासक्रम संगणकाची ओळख करून देतो, शासकीय नोकरीला तो लागतोही, परंतु त्या प्रमाणपत्रावर आय.टी.त नोकरी मिळत नाही. दोन तक्ते एकमेकांशी ताडून पाहणे, हजार ओळींतून हव्या त्या निवडणे, बेरजा गटवार काढणे, इतके सहज यायला हवे. मुंबईच्या आय.आय.टी.ने तयार केलेले 'स्पोकन ट्युटोरियल' हे छोटे पाठ विनामूल्य आहेत, त्यांतील कित्येक मराठीतून ऐकता येतात. मी लिब्रे ऑफिसचे पाठ त्यावरूनच केले.

त्यानंतर एस.क्यू.एल. ही माहितीच्या साठ्याला प्रश्न विचारण्याची भाषा आहे. आय.बी.एम. कंपनीतील चेंबरलिन आणि बॉइस या दोघांनी १९७४ साली ती मांडली. तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे असे लोकही होते, ज्यांना प्रोग्रामिंग येत नाही पण माहिती हवी आहे. म्हणजे आपणच म्हणा ना. तिचे वाक्य सरळ असते: अमुक रकाने निवड, अमुक तक्त्यातून, जेथे तालुका शिरूर आहे आणि रक्कम ५० हजारांहून अधिक आहे. मराठी व्याकरणात वाक्यपृथक्करण केलेल्या विद्यार्थ्याला हे जड जाऊ नये. मला साधे प्रश्न यायला तीन आठवडे लागले. दोन तक्ते जोडण्याच्या प्रश्नात मी अजून अडखळते.

येथे 'सुरुवात' या शब्दाकडे परत येते. कोडशिवाय आत जाता येते, परंतु कोडकडे कायमची पाठ फिरवून तेथे राहता येत नाही. हाताने करावयाची तपासणी आता पुष्कळशी यंत्राकडे गेली आहे, आणि यंत्राला ती कशी करावी हे सांगायला थोडा कोड लिहावाच लागतो. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅट-जी.पी.टी. लोकांसमोर आले, आणि आता कोड लिहिणे यंत्रालाही जमते. त्यामुळे कोड न येणाऱ्यांचे फावले असे काही जण म्हणतात. मला ते अर्धेच पटते. यंत्राने लिहिलेले बरोबर आहे का हे पाहणारा लागणार, हे खरे. पण तेच यंत्र पासवर्ड विसरलेल्या माणसालाही उत्तर देऊ लागले आहे, आणि तेच तर आपले पहिल्या पातळीवरचे काम. जुलै २०२५ मध्ये टी.सी.एस.ने सुमारे १२ हजार माणसे, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या दोन टक्के, कमी करणार असल्याचे जाहीर केले. त्यांत प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या जागा होत्या. तेथे गेलो म्हणजे जन्माचे कल्याण झाले, असे आता कोणी सांगू नये. शिवाय कला शाखेच्या पदवीधरांना मोठ्या कंपन्या घेतात ते बहुधा बी.पी.एस. म्हणजे व्यवसाय-प्रक्रियेच्या विभागात. टी.सी.एस.ची अशी स्वतंत्र भरती असते. तेथे दाव्यांची छाननी, बिलांची नोंद अशी कामे असतात, पाळी रात्रीची असू शकते, आणि कोड लिहिणाऱ्यांपेक्षा पगार कमी असतो. मुलीला रात्रपाळी म्हटल्यावर आमच्या घरी काय बोलणे झाले ते येथे लिहीत नाही.

राहिले ते हिरवे पत्रक. शेजारच्या वस्तीवरील बी.कॉम. झालेल्या एका मुलाने दोन वर्षांपूर्वी पुण्यातील एका क्लासला ६५ हजार रुपये भरले होते. तो क्लास याच पत्रकाचा की दुसरा, ते महत्त्वाचे नाही. त्याने मला कागद दाखवले. जाहिरातीत 'नोकरीची हमी' होती, सही केलेल्या कागदावर मात्र 'नोकरीसाठी साहाय्य' असे छापलेले होते. तीन महिन्यांनी त्यांनी त्याचा बायोडाटा तयार केला आणि त्यात दोन वर्षांचा अनुभव घातला, जो त्याने कधी घेतलाच नव्हता. तो म्हणाला, सगळ्यांचाच तसा केला. त्याला एका ठिकाणी नोकरी लागलीही. पण कंपन्या नेमणुकीनंतर मागची पडताळणी करतात. ज्या कंपनीत दोन वर्षे काम केले म्हणता, तिच्याकडून भविष्यनिर्वाह निधीत एक रुपयाही जमा झालेला नाही, हे खात्यावरून सहज दिसते. चौथ्या महिन्यात त्याला काढले. आता खरे सांगून नोकरी मागावी तर मधल्या काळाचे काय सांगायचे, हा त्याच्यापुढे प्रश्न आहे. सध्या तो रांजणगावला एका कारखान्यात कंत्राटी कामाला जातो. त्याची हुशारी माझ्यापेक्षा अधिक आहे, हे मी शाळेपासून पाहिले आहे. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी सही करायचा कागद घरी आणून वाचावा. मागील वर्षी नोकरी लागलेल्यांपैकी दोघांची भेट घालून द्या असे सांगावे. नोकरीआधी कंपनीच्या नावाने अनामत मागणारा कोणीही असो, त्याला नमस्कार करून परत फिरावे.

मी हे सर्व वडिलांना सांगितले तेव्हा त्यांनी फक्त विचारले, "मग घेत्यात का नाही?" मी म्हणाले, "घेतात. पण हमी कोणी देत नाही." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कांद्याला तरी कोण देतंय?"

त्या पैशांतून विहिरीवरची मोटर भरून आणली, उरलेले बँकेत आहेत. माझे बी.ए. पूर्ण व्हायला अजून अवकाश आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन तास महाविद्यालयाच्या संगणक कक्षात मी आणि दोघी मैत्रिणी एस.क्यू.एल.चा सराव करतो. आणखी दोन संगणक त्या वेळी रिकामे असतात. ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे, येताना वही आणावी.